अनोळखी ऑपरेटिंग सिस्टीमवर बुद्धिबळ: पट वेगळा, इंजिन वेगळं

हायकू, फ्रीबीएसडी, रिस्क ओएस, अमिगा ओएस, आर्काओएस, नाहीतर जुन्या लॅपटॉपवर बसवलेलं एखादं हलकं लिनक्स. यांपैकी काही वापरत असाल आणि त्यावर बुद्धिबळ खेळावंसं वाटलं, तर पहिला शोध बहुधा असा असतो: ‘अमुक सिस्टीमसाठी बुद्धिबळाचा प्रोग्रॅम’. हाती लागतो तो कित्येक वर्षांपूर्वी काम थांबलेला एखादा प्रोग्रॅम, किंवा विंडोजची फाइल. बरेच जण तिथेच नाद सोडतात.

शोधच चुकीचा होता. बुद्धिबळाचा प्रोग्रॅम म्हणून आपल्याला जे एकसंध दिसतं, ते खरं तर तीन सुटे भाग असतात: डोळ्यांना दिसणारा पट, खेळी शोधणारं इंजिन आणि डावांच्या नोंदी. हे तिन्ही एकाच लेखकाचे असावे लागत नाहीत. एकाच संगणकावरही असावे लागत नाहीत. प्रत्येक भाग वेगळा शोधला, की ज्या सिस्टीमवर ‘काहीच मिळत नाही’ असं वाटत होतं तिथेही जगातल्या सर्वांत बलाढ्य इंजिनांपैकी एकाशी खेळता येतं. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने आहेत.

एक सूचना आधीच देतो. इथे संगणकाला द्यायच्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या लहान रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत (1, 2, 3) करायच्या.

पायरी १: आपल्या यंत्राची ओळख करून घ्या

चार गोष्टी कागदावर लिहा: प्रोसेसर कोणत्या घराण्यातला (इंटेल-एएमडीचा एक्स८६, एआरएम, की पॉवरपीसी), सिस्टीम ३२ बिटांची की ६४, मेमरी किती, आणि सी किंवा सी प्लस प्लसचा कंपायलर (सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारं साधन) आहे का. लिनक्स, सगळ्या बीएसडी आणि हायकूवर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘युनेम’ आणि पुढे ‘डॅश ए’ लिहिलं की पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एका ओळीत मिळतात.

हा उपद्व्याप कशासाठी, ते पुढे कळेलच. नवख्या माणसाच्या बहुतेक अडचणी बुद्धिबळाच्या नसतातच. चुकीच्या प्रोसेसरसाठी बनवलेली फाइल आपण उतरवलेली असते, एवढंच.

पायरी २: आधी घरचं भांडार धुंडाळा

इंटरनेटवर भटकण्याआधी आपल्या सिस्टीमच्या पॅकेज भांडारात पाहा. फ्रीबीएसडीवर ‘पीकेजी सर्च’, नेटबीएसडीवर ‘पीकेजीइन सर्च’, डेबियन आणि तिच्या भावंडांवर ‘एपीटी सर्च’, हायकूवर ‘पीकेजीमॅन सर्च’ किंवा हायकूडेपो नावाची खिडकी. अमिगासाठी १९९२ पासून चालू असलेलं अमिनेट आहे. त्यात पटावरच्या खेळांचा स्वतंत्र विभाग आहे. आर्काओएस हे मुळात आयबीएमच्या ओएस/२ चं आजचं रूप, त्यामुळे ओएस/२ साठी लिहिलेले जुने प्रोग्रॅम त्यावर चालवून पाहता येतात.

शोधताना नुसता ‘चेस’ हा शब्द पुरत नाही, कारण बऱ्याच प्रोग्रॅमांच्या नावात तो शब्दच नाही. ही नावं एकेक करून टाका. इंजिनांसाठी स्टॉकफिश, ग्नू चेस, फॅलँक्स, क्राफ्टी, फ्रूट. पटांसाठी एक्सबोर्ड, स्किड, पायचेस, क्यूट चेस, ड्रीमचेस, ग्नोम चेस आणि केडीईचा नाइट्स. एखादं नाव सापडलं की लगेच इन्स्टॉल करा. आवृत्ती दोन-तीन वर्षं जुनी असली तरी बिचकू नका. माणसाला हरवायला ती पुरून उरते.

डेबियनवर एक गंमत नवख्यांना हमखास अडवते. तिथे खेळांच्या फाइली ‘यूएसआर’ फोल्डरातल्या ‘गेम्स’ या उपफोल्डरात जातात. तो फोल्डर तुमच्या पाथमध्ये (सिस्टीम ज्या फोल्डरांत प्रोग्रॅम शोधते त्यांच्या यादीत) नसेल, तर इन्स्टॉल झालेलं स्टॉकफिश नावाने हाक मारूनही ‘सापडत नाही’ असं उत्तर येतं. पूर्ण पत्ता देऊन चालवलं की चालतं.

पायरी ३: पटाआधी इंजिनाशी बोला

या सगळ्या लेखातून एकच पायरी लक्षात ठेवायची झाली, तर ही ठेवा.

इंजिन हा खिडकी नसलेला प्रोग्रॅम असतो. त्याला साध्या अक्षरांत ओळ पाठवायची, तो साध्या अक्षरांत उत्तर देतो. या संभाषणाचे दोन रिवाज प्रचलित आहेत. जुना एक्सबोर्डचा. एक्सबोर्ड हा पट १९९१ पासूनचा आणि टिम मान यांनी तो बरीच वर्षं सांभाळला. दुसरा यूसीआय. तो रुडॉल्फ हूबर आणि श्रेडर या इंजिनाचे कर्ते स्टेफान मेयर-काहलन यांनी २००० साली मांडला. आज बहुतेक इंजिनं यूसीआय बोलतात. दोन्ही रिवाज निव्वळ मजकुराचे आहेत, म्हणून त्यांना ऑपरेटिंग सिस्टीमचं सोयरसुतक नाही. अनवट सिस्टीमवरचं बुद्धिबळ जिवंत राहिलं ते मुख्यतः यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

टर्मिनलमध्ये स्टॉकफिश चालू करा. नाव-आवृत्तीची एक ओळ दिसेल आणि कर्सर थांबून राहील. ते अडकलेलं नाही, तुमची वाट पाहतंय. आता ‘यूसीआय’ लिहून एंटर दाबा. इंजिन स्वतःचं नाव, कर्त्यांची नावं आणि बदलता येण्याजोग्या सेटिंगांची लांब यादी देईल आणि शेवटी ‘यूसीआयओके’ म्हणेल. मग ‘इजरेडी’ विचारा. ‘रेडीओके’ उत्तर आलं की इंजिन धडधाकट आहे.

आता खेळी. ‘पोझिशन स्टार्टपॉस मूव्हज’ आणि पुढे ‘ई२ई४’ हे सलग, मोकळी जागा न सोडता. म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं. मग ‘गो डेप्थ १५’. ओळींचा पाऊस पडेल आणि अखेरीस ‘बेस्टमूव्ह’ या शब्दापुढे इंजिनाची खेळी दिसेल. पाच सेकंदच विचार करू द्यायचा असेल तर ‘गो मूव्हटाइम ५०००’ लिहा. वेळ मिलिसेकंदांत मोजतात. काम संपलं की ‘क्विट’.

इथे दोन गोष्टींवर नवशिके अडखळतात. पहिली: यूसीआयमध्ये मागच्या खेळ्या लक्षात ठेवणं इंजिनाचं काम नाही. दर वेळी ‘पोझिशन’च्या ओळीत पहिल्या खेळीपासूनच्या सगळ्या खेळ्या पुन्हा लिहाव्या लागतात. दुसरी: खेळी म्हणजे फक्त ‘कुठून कुठे’. पांढऱ्याने राजाच्या बाजूला किल्लेकोट केला तर ते ‘ई१जी१’ होतं, म्हणजे फक्त राजाची हालचाल. प्यादं शेवटच्या पट्टीत पोहोचून वजीर झालं तर शेवटी ‘क्यू’ हे अक्षर जोडायचं.

पावसातल्या ओळींत ‘स्कोअर सीपी’ आणि पुढे एक आकडा दिसतो. पूर्वी शंभर म्हणजे साधारण एका प्याद्याची आघाडी असा सरळ हिशेब होता. स्टॉकफिशने १५.१ या आवृत्तीपासून तो बदलला. आता शंभर म्हणजे सारख्याच बळाच्या इंजिनांमध्ये तो डाव जिंकण्याची शक्यता पन्नास टक्के. जुनं आणि नवं स्टॉकफिश शेजारी ठेवून आकडे ताडून पाहाल तर म्हणून गोंधळ उडेल. स्टॉकफिशला नुसतं ‘डी’ लिहून पाठवलं तर ते अक्षरांनी रेखलेला पटही दाखवतं. त्यावर नजर ठेवून, शेजारी लाकडी पट मांडून, पूर्ण डाव खेळता येतो. खिडक्या नसलेल्या सिस्टीमवर मी असे डाव खेळलो आहे आणि खऱ्या सोंगट्या हातात असल्यामुळे ते जास्त लक्षात राहिले.

टर्मिनलमध्ये ‘रेडीओके’ आलं नाही, तर पटाच्या सेटिंगांशी झटापट करू नका. बिघाड इंजिनात किंवा फाइलीत आहे. ते आलं आणि तरी पटावर काही हलत नसेल, तर बिघाड पटाकडे. एवढ्या एका चाचणीने निम्मा वेळ वाचतो.

पायरी ४: भांडारात नसेल तर स्वतः कंपाइल करा

स्टॉकफिश जीपीएल परवान्याखाली खुलं आहे. तोर्ड रोमस्टाड यांच्या ग्लाउरुंग या इंजिनापासून २००८ साली मार्को कोस्टाल्बा यांनी ते सुरू केलं आणि त्याचा सोर्स कोड कोणालाही उतरवता येतो. तो मानक सी प्लस प्लसमध्ये आहे, त्यामुळे चांगला कंपायलर असलेल्या बऱ्याच सिस्टीमवर तो तसाच्या तसा बांधता येतो.

सोर्सच्या ‘एसआरसी’ फोल्डरात जा आणि ‘मेक हेल्प’ चालवा. कोणकोणत्या प्रोसेसरसाठी बांधता येईल त्याची यादी येईल: एक्स८६ चे अनेक प्रकार, एआरएमव्ही७, एआरएमव्ही८, पॉवरपीसी, रिस्क-व्ही आणि कशातच न बसणाऱ्यांसाठी ‘जनरल-६४’ व ‘जनरल-३२’. पहिल्या पायरीचा कागद इथे कामी येतो. मग ‘मेक बिल्ड’ आणि पुढे ‘आर्च’, बरोबरचं चिन्ह (=) आणि निवडलेलं नाव, हे सलग. ‘आर्च’ हा शब्द मात्र मोठ्या अक्षरांत. बीएसडी सिस्टीमचा स्वतःचा ‘मेक’ वेगळ्या बोलीचा असल्यामुळे तिथे ‘जीमेक’ इन्स्टॉल करून तो वापरावा लागतो.

आता सर्वांत नेहमीची चूक. यादीतलं सर्वांत वेगवान दिसणारं नाव निवडायचा मोह होतो. मलाही झाला होता. बारा-तेरा वर्षं जुन्या लॅपटॉपवर मी ‘एव्हीएक्स२’ असलेला प्रकार बांधला. बांधला गेला छान, पण चालवताक्षणी ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून कोसळला. मी पूर्ण संध्याकाळ कंपायलरला दोष देत बसलो. खरं कारण असं, की एव्हीएक्स२ या सूचना त्या प्रोसेसरला ठाऊकच नव्हत्या. तयार फाइल उतरवतानाही हेच घडतं. आधी साधा ‘एक्स८६-६४’ घ्या, तो चालला की एकेक पायरी वर चढा.

दुसरी अडचण मेंदूच्या फाइलीची. २०२० च्या सप्टेंबरात आलेल्या स्टॉकफिश १२ पासून स्थितीचं मूल्यमापन एनएनयूई नावाचं छोटं न्यूरल नेटवर्क करतं. ही पद्धत यू नासू यांनी २०१८ साली जपानी बुद्धिबळासाठी, म्हणजे शोगीसाठी काढली होती. या नेटवर्कची फाइल अनेक मेगाबाइटांची असते आणि बांधणी चालू असताना ती इंटरनेटवरून आपोआप उतरवली जाते. ज्या सिस्टीमवर आजच्या सुरक्षित जोडण्या चालतच नाहीत, किंवा जिला नेटच नाही, तिथे बांधणी मध्येच थांबते. उपाय सोपा: दुसऱ्या संगणकावर तीच फाइल उतरवा, नाव जराही न बदलता ‘एसआरसी’मध्ये ठेवा आणि पुन्हा बांधा. बांधल्यानंतर ती इंजिनाच्या पोटातच जाते, वेगळी सांभाळावी लागत नाही. मेमरी फारच तुटपुंजी असेल तर स्टॉकफिश ११ वर थांबा. त्याला नेटवर्क लागत नाही आणि ते जुन्या कंपायलरनाही कमी त्रास देतं.

पेनड्राइव्हवरून फाइल आणली असेल तर ‘चालवण्याची परवानगी’ वाटेत गळून पडलेली असते, कारण फॅट पद्धतीच्या ड्राइव्हवर ती नोंदच राहत नाही. फाइल घरच्या फोल्डरात घ्या आणि ‘सीएचमॉड’ने ‘अधिक एक्स’ द्या.

यंत्र फारच जुनं असेल तर

स्टॉकफिशचा हट्ट सोडा. ग्नू चेसची मुळं १९८४ सालातली आहेत आणि त्याची सहावी पिढी फाबियन लेतुझे यांच्या फ्रूट २.१ वर उभी आहे. हे तेच फ्रूट, जे २००५ साली रेक्याविकमधल्या जागतिक संगणक बुद्धिबळ स्पर्धेत दुसरं आलं. म्हणजे ‘जुनं’ म्हणून त्याला कमी लेखू नका. ग्नू चेस टर्मिनलमध्ये सरळ खेळतं, आणि सुरू करताना ‘डॅश डॅश यूसीआय’ जोडलं तर यूसीआयही बोलतं.

त्याहून लहान हवं असेल तर हार्म गेर्ट म्युलर यांचं मायक्रो-मॅक्स पाहा. सी भाषेतला हा अख्खा प्रोग्रॅम २००० अक्षरांच्या आत मावतो. सीचा कंपायलर असेल तिथे तो बांधून पाहायला काही मिनिटं पुरतात. पायथॉन चालत असेल तर थॉमस आले यांचं सनफिश आहे, तेही अवघ्या शंभरेक ओळींच्या घरातलं. कोड वाचून इंजिन कसं विचार करतं ते समजून घ्यायचं असेल, तर मी या दोघांपासूनच सुरुवात करायला सांगेन.

बुद्धिबळाला छोटी यंत्रं नवी नाहीत. पीटर जेनिंग्ज यांचं मायक्रोचेस १९७६ साली किम-१ नावाच्या एका पाटीवरच्या संगणकात साधारण एक किलोबाइटभर मेमरीत खेळत होतं. तुमच्या हातातलं यंत्र त्यापेक्षा नक्कीच दणकट आहे.

पायरी ५: पट निवडा

इंजिन तयार झालं की डोळ्यांची सोय. निवड करताना पट कोणता सुंदर यापेक्षा तो कशावर उभा आहे ते पाहा. एक्सबोर्डला एक्स विंडो (खिडक्या दाखवणारी व्यवस्था) लागते, म्हणून लिनक्स आणि बीएसडीवर तो घरचाच. क्यूट चेस क्यूटी या साधनसंचावर आहे. पायचेसला पायथॉन आणि जीटीके लागतं. स्किड टीसीएल-टीकेवर चालतं. हा संच फार सिस्टीमवर पोहोचलेला आहे, त्यामुळे स्किड अनपेक्षित जागी सापडतं. त्याचाच सुधारलेला भाऊ ‘स्किड व्हर्सेस पीसी’ सोबत दोन इंजिनं घेऊनच येतो. नवख्याने बाकी काही ठरत नसेल तर हाच घ्यावा.

हायकूवाल्यांसाठी: २०२२ च्या डिसेंबरातल्या बीटा ४ पासून एक्स विंडो आणि वेलँडसाठी लिहिलेले प्रोग्रॅम तिथे आणण्याची सोय झाली आहे आणि क्यूटी आधीपासून आहे. वर्षापूर्वी ‘मिळत नाही’ म्हणून सोडलेला पट म्हणूनच पुन्हा शोधून पाहा.

क्रोमबुक असेल तर दोन वाटा आहेत. त्यातलं लिनक्स चालू केलंत की डेबियनचं भांडार उघडतं. अँड्रॉइड अॅप चालत असतील तर पेटर ओस्टरलुंड यांचं ड्रॉइडफिश घ्या. त्यात पट आणि स्टॉकफिश एकत्रच असतात.

पटाला इंजिन जोडताना ‘इंजिन जोडा’ किंवा तशाच नावाच्या जागी फाइलीचा पूर्ण पत्ता द्या आणि रिवाज कोणता ते निवडा. पत्त्यातल्या फोल्डरांच्या नावात मोकळी जागा ठेवू नका. एक्सबोर्डला यूसीआय इंजिन थेट जोडता येत नाही, मध्ये दुभाषी लागतो. पॉलिग्लॉट हा त्यातला प्रसिद्ध, तोही लेतुझे यांचाच. भांडारातून एक्सबोर्ड घेताना पॉलिग्लॉटही मागून घ्या.

विंडोजचे प्रोग्रॅम वाइनमधून चालवण्याचा सल्ला बरेच जण देतात. एक्स८६ प्रोसेसरवर तो ठीक आहे. एआरएम किंवा पॉवरपीसीवर मात्र नुसत्या वाइनने भागत नाही, कारण वाइन प्रोसेसरची नक्कल करत नाही. डॉसच्या काळातलं एखादं आवडतं बुद्धिबळ हवं असेल तर डॉसबॉक्स जास्त भरवशाचा.

पायरी ६: इंजिन दुसऱ्या संगणकावर ठेवा

तुमच्या सिस्टीमवर पट चालतो, पण इंजिन बांधता येत नाही किंवा यंत्र धापा टाकतं. अशा वेळी इंजिनाचं संभाषण निव्वळ मजकुराचं आहे हे आठवा. तो मजकूर एसएसएचमधून (दुसऱ्या संगणकावर सुरक्षितपणे आज्ञा चालवण्याच्या सोयीतून) दुसऱ्या संगणकावर पाठवता येतो. त्या संगणकावर स्टॉकफिश ठेवा, पासवर्ड न विचारणारी किल्ली दोन्हीकडे बसवा, आणि इथे दोन ओळींची छोटी स्क्रिप्ट लिहा, जी एसएसएचने तिकडचं स्टॉकफिश सुरू करते. पटाला इंजिन म्हणून ही स्क्रिप्ट दाखवा. पटाच्या दृष्टीने ती स्क्रिप्टच इंजिन. आधी टर्मिनलमध्ये ती स्क्रिप्ट चालवून ‘इजरेडी’ची चाचणी मात्र करा, पासवर्डचा प्रश्न किंवा स्वागताचा मजकूर मध्ये आला तर पट गोंधळतो.

पटसुद्धा चालत नसेल आणि ब्राउझर आधुनिक असेल, तर लिचेस आहे. विनामूल्य, जाहिरातींशिवाय, खुल्या सोर्सचं. तिथल्या विश्लेषणाच्या पटावरचं स्टॉकफिश ब्राउझरमध्येच चालतं. जुन्या ब्राउझरमध्ये ते उघडलंच नाही तर वेळ घालवू नका, वरच्या वाटेला लागा.

नोंदी आणि शेवटपट

डाव साठवायचे ते पीजीएन पद्धतीत. स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९३ साली आखलेली ही पद्धत साधा मजकूरच आहे. कोणत्याही संपादकात उघडते. अभ्यासाला डाव हवे असतील तर मार्क क्राउदर यांचं ‘द वीक इन चेस’ १९९४ पासून दर आठवड्याला स्पर्धांचे डाव देतं. लिचेसचे महिन्या-महिन्याचे साठेही मोफत आहेत, पण ते एवढे अवाढव्य असतात की लहान यंत्राने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

पटावर मोजक्या सोंगट्या उरल्या की अचूक खेळी सांगणारे रोनाल्ड डी मान यांचे सिझिजी शेवटपटांचे तक्ते पाच सोंगट्यांपर्यंत सुमारे एक जीबीत मावतात. सहा सोंगट्यांचे तक्ते दीडशे जीबीच्या आसपास जातात. सुरुवातीला पाचांवर थांबा, आणि डिस्कवर जागा नसेल तर तेही नकोत.

पायरी ७: इंजिनाला तुमच्या पातळीवर आणा

पूर्ण ताकदीच्या स्टॉकफिशशी पहिला डाव खेळाल तर वीस खेळ्यांत वजीर गमावून बसाल आणि शिकायला काहीच मिळणार नाही. पटाच्या इंजिन-सेटिंगांत ‘यूसीआय लिमिट स्ट्रेंग्थ’ चालू करा आणि ‘यूसीआय एलो’ (एलो म्हणजे खेळाडूचं बळ दाखवणारा आकडा) सर्वांत खाली, म्हणजे १३२० वर आणा. किंवा ते बंद ठेवून ‘स्किल लेव्हल’ शून्यावर न्या. तिथली मोजपट्टी शून्य ते वीस अशी आहे. ‘हॅश’, म्हणजे इंजिनाने वापरायची मेमरी, मुळात १६ मेगाबाइट असतं. जुन्या यंत्रावर ते तसंच राहू द्या, आणि थ्रेड (एकाच वेळी चालणारे विचारांचे धागे) एकच ठेवा.

पहिला डाव संपला की तो पीजीएनमध्ये साठवा आणि ती फाइल दुसऱ्याच एखाद्या पटात, शक्य असेल तर दुसऱ्याच सिस्टीमवर, उघडून पाहा. सगळ्या खेळ्या जशाच्या तशा दिसल्या की तुमची जुळणी पूर्ण झाली.